हातची अक्षरं की हातासारखा फॉन्ट?

परवा कोल्हापुरात महाद्वार रोडवर एक नवी कादंबरी घेतली. मुखपृष्ठावर बोरूनं ओढल्यासारखं नाव, कडा खरबरीत, मध्येच शाई सुकलेली. म्हटलं, वा, कुणीतरी परत हातानं लिहायला लागलं! येताना गल्लीतल्या पेंटरकाकांना दाखवलं. त्यांची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"ह्ये हातचं न्हवं. दोन्ही 'बा' बघ की, एका साच्यातनं काढल्यागत."

नावात 'बाबा' होतं. पहिल्या 'बा'च्या पोटात जिथं शाई तुटली होती, नेमकी तिथंच दुसऱ्याच्याही पोटात तुटली होती.

फॉन्टमध्ये 'ब' एकदाच काढून ठेवलेला असतो. कितीही वेळा टाइप करा, तोच येणार, त्याच्या खरबरीतपणासकट. काही फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं असतात, पण ती निवडत बसायला मुखपृष्ठ करणाऱ्याला वेळ हवा. हातानं काढणाऱ्याला मात्र शेजारी कोण आहे ते ठाऊक असतं. जागा कमी पडली तर दुसरा 'बा' अंग चोरतो, शेवटची वेलांटी सगळ्या शब्दावर छत्रीसारखी पसरते. पहिली, म्हणजे ऱ्हस्व, वेलांटी तर फॉन्टची परीक्षाच घेते. 'स्थिती' लिहून बघा. साध्या फॉन्टमध्ये वेलांटी अर्ध्या 'स'वरच थांबते, 'थ'च्या दांडीपर्यंत पोचत नाही. चांगल्या फॉन्टमध्ये तिच्यासाठी वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या केलेल्या असतात.

(सुलेखन आणि अक्षररचना हेही एक नव्हे. सुलेखनात फटकारा एकदाच, चुकला तर नवा कागद. अक्षररचना मात्र चित्रासारखी आखून, खोडून, घडवून होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी केली ती अक्षररचना: नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच दिसायचा.)

म्हणून फॉन्ट कमी दर्जाचा, असं मी म्हणणार नाही. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं 'मंगल' घडवला, तो संगणकाच्या पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून. आता पुस्तकं मोबाइलवर निवडली जातात, तिथं मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. एवढ्याशा जागेत 'बलू'सारखा गुबगुबीत फॉन्ट लांबूनही वाचता येतो आणि आपण फॉन्ट आहोत हे लपवत नाही. मला खुपतं ते हाताचं सोंग. गावाकडची कादंबरी म्हटली की फाटक्या कडांचा फॉन्ट आणि मागं पाठमोरी बाई, हा तर आता शिरस्ताच झालाय. चित्रपटाचं पोस्टर स्वतः रंगवणाऱ्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात हे जरा जास्तच टोचतं.

नावात एकही अक्षर दुबार नसेल तर काने जुळवून बघा. तेही नसतील तर आतलं श्रेयपान उघडायचं. हातचं काम असेल तर बहुतेकदा 'अक्षररचना' किंवा 'सुलेखन' असं लिहून पुढं नाव असतं. माझ्या कादंबरीत 'मुखपृष्ठ' एवढंच होतं.

काकांनी पुस्तक परत दिलं आणि खडूनं फळीवर 'बाबा' काढलं. दुसरा 'बा' थोडा पुढं झुकला. "म्हातारा हाय त्यो," म्हणाले.