बजीचा गुडघा कुठे असतो?

पाय मोडलेल्या बजीला, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाला, आगपेटीच्या काडीचा आधार द्यायचा, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि ‘घरच्या घरी उपचार’ म्हणून व्हिडिओ टाकायचा, हे प्रकार अधूनमधून पाहायला मिळतात. व्हिडिओखाली बदामाच्या, म्हणजे हार्टच्या, इमोजींचा पाऊस पडलेला असतो. त्या पट्टीकडे नीट पाहिलं, तर बहुतेक वेळा पाय सरळ ताणून बांधलेला दिसतो. हेतू चांगलाच असतो, पण पक्षी आयुष्यभर पाय दुमडून उभा असतो, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

पक्ष्यांचा गुडघा उलटा वळतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं म्हणजे आपल्याला दिसतो तो गुडघाच नव्हे. पायाच्या मध्यावर मागच्या बाजूला कोपरा काढलेला जो सांधा दिसतो, तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पोटालगत पिसांत दडलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे येतो. मांडी तर बाहेरून जवळपास दिसतच नाही. गुडघा ते घोटा या भागातलं लांब हाड म्हणजे टिबियोटार्सस. नडगीचं हाड आणि घोट्याची काही हाडं एकजीव होऊन ते बनलेलं असतं. घोट्याच्या खाली टार्सोमेटाटार्सस हे हाड, आणि मग बोटं. म्हणजे पक्षी टाच कायम हवेत ठेवून नुसत्या बोटांवर उभा असतो. पाळीव पक्ष्यांच्या पायात सर्वाधिक मोडतं ते हे टिबियोटार्सस. पिंजऱ्याच्या तारांत नखं किंवा पायातली रिंग अडकते, पक्षी घाबरून जिवाच्या आकांताने फडफडतो आणि सगळा पीळ त्या एका हाडावर येतो.

आता या पायातला सगळ्यात सुंदर भाग. बोटं वळवणारे स्नायू बोटांजवळ नसतात. ते बहुतांशी वर, घोट्याच्या वरच्या मांसल भागात असतात. तिथून निघालेल्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, घोट्याच्या मागून वळसा घेऊन बोटांच्या टोकापर्यंत जातात. सायकलचा ब्रेक हँडलवर दाबतात आणि काम चाकापाशी होतं, तशीच ही मांडणी आहे. घोट्याखालचा पाय इतका काटकुळा असतो तो यामुळेच. तिथे हाड, कंडरा, कातडी आणि खवले यांखेरीज फारसं काही नसतंच. म्हणून तिथलं हाड मोडलं की त्याचं टोक सहज कातडीबाहेर येतं.

पक्षी खाली बसतो तेव्हा घोटा दुमडतो, कंडरा मागून ताणल्या जातात आणि बोटं दांडीभोवती आवळली जातात, ही कल्पना बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच मांडली होती. पुढे सूक्ष्मदर्शकाने त्यात भर घातली. बोटांखालून जाणाऱ्या कंडरेच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात आणि ती ज्या म्यानातून सरकते त्याच्या आतल्या बाजूला आडव्या वळ्या असतात. बोटांवर भार पडून कंडरा म्यानाच्या भिंतीवर दाबली गेली, की उंचवटे वळ्यांमध्ये अडकतात. मग स्नायूंनी फार जोर न लावताही पकड टिकते. भार निघाला, बोटं सरळ झाली, की कुलूप उघडतं. मात्र झोपलेला पक्षी फांदीवरून पडत नाही तो केवळ या यंत्रणेमुळे, हे पुस्तकी उत्तर आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. स्टार्लिंग पक्ष्यांवरच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपेत ते बोटं आवळून न धरता तळव्याच्या मधल्या गादीवर तोल सांभाळतात, असं दिसलं.

हे सगळं पट्टी बांधण्याशी कसं जोडलेलं आहे, ते पाहा. मोडलेल्या हाडाभोवती आधी मऊ आणि मग कठीण गाठ तयार होते आणि ती दोन तुकडे सांधते. कंडरा त्या हाडाला अगदी खेटून गेलेल्या असतात. पाय सरळ ताणून ठेवला, तर घोटा आखडतो, कंडरा आजूबाजूच्या पेशींना चिकटू शकतात आणि त्यांचं सरकणं थांबतं. हाड जुळलेलं असतं, पण बोटं मिटत नाहीत, आणि बोटं न मिटणाऱ्या पक्ष्याला दांडीवर बसता येत नाही. म्हणून पक्ष्यांचे डॉक्टर लहान पक्ष्याचा पाय बसण्याच्या स्थितीत, गुडघा आणि घोटा दुमडून, दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्यांचे थर लावून बंद करतात. बजीसारख्या हलक्या पक्ष्याला एवढा आधार पुरतो. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे स्थिर व्हायला हवेत, हा नियम मात्र सुटत नाही. मांडीचं हाड मोडलं असेल, तर फक्त खालच्या पायाला बांधलेली पट्टी लोलकासारखी लोंबून मोडलेल्या जागेलाच हिसके देते. तिथे पिंजऱ्यातली विश्रांती किंवा हाडात सळई घालण्याची शस्त्रक्रिया, एवढेच पर्याय उरतात.

पक्ष्यांची हाडं भराभर जुळतात. लहान पक्ष्यात साधारण 3 आठवड्यांत हाड भार घेण्याइतकं घट्ट होतं, एक्स-रेवर मात्र ते जुळलेलं दिसायला आणखी वेळ लागतो. याच वेगाचा तोटाही आहे. हाड वाकडं बसलं असेल तर ते वाकडंच, तेवढ्याच झपाट्याने पक्कं होतं. ‘आठवडाभर वाट पाहू’ हा सल्ला म्हणूनच घातक.

डॉक्टरकडे नेईपर्यंत काय करायचं? पक्ष्याला लहान खोक्यात, मऊ टॉवेलवर, अंधारात ठेवायचं. त्याच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ते टिकवण्यात त्याची शक्ती खर्च होते, म्हणून खोक्याची एक बाजू 29-30 अंशांपर्यंत उबदार ठेवावी. दुसरी बाजू थंड असू द्यावी, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. हाताळताना छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड वरखाली हलेल तेव्हाच हवा आत-बाहेर होते. मायेने घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने हलका दाब द्यावा. 35 ग्रॅमच्या बजीच्या अंगात सगळं मिळून साडेतीन मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, त्यामुळे ‘चार थेंबच तर गेले’ असं म्हणून सोडून देऊ नये. तेल, मलम काहीही चोळू नये. पिसं तेलकट झाली की ऊब धरून ठेवत नाहीत. आणि माणसांची वेदनाशामकं तर मुळीच नकोत. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन कशी मेली, हे दक्षिण आशियाने पाहिलेलं आहे.

पाखराचा पाय मोडला की कुणी म्हणेल, घरावरचं संकट त्याने आपल्या अंगावर घेतलं. त्यापेक्षा ज्यात पाय अडकला ती पिंजऱ्यातली तुटकी तार काढा.

पट्टी बांधून झाली की सगळं लक्ष दुखऱ्या पायाकडे असतं आणि घात दुसरा पाय करतो. 3 आठवडे सगळा भार त्याच्यावर. तळव्यावरचे बारीक खवले झिजून कातडी गुळगुळीत, लालसर आणि चकचकीत दिसू लागते, मग तिथे फोड येऊन जंतू शिरतात. हा आजार हाडापर्यंत गेला, तर मूळ दुखापतीपेक्षा भारी पडतो. दांड्या अगदी खाली आणाव्यात, त्यांना मऊ कापड गुंडाळावं, खरखरीत कागद लावलेल्या दांड्या काढून टाकाव्यात. दाणापाणी चोचीपाशी ठेवावं. नुसती फोलपटं चाळून खाल्ल्याचा देखावा करणारे पक्षी असतात, तेव्हा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज सकाळी वजन करावं. 35 ग्रॅमवरून साडेएकतीसवर आलं, म्हणजे दहावा हिस्सा गेला, लगेच डॉक्टरला कळवायचं.

एका पायावर उभा असलेला प्रत्येक पक्षी जखमी नसतो. ऊब वाचवायला निरोगी पक्षीही एक पाय पोटाशी घेतो. उलट, कुठे पडला नाही, अडकला नाही, सूज नाही, तरी एक पाय हळूहळू लुळा पडत चालला आहे, असं बजीत दिसलं तर वेगळाच संशय घ्यावा लागतो. पक्ष्यांत पायाकडे जाणाऱ्या चेतांचं जाळं मूत्रपिंडातूनच जातं. तिथे गाठ वाढली की त्या चेता दबतात आणि लंगडणं पायात दिसतं. अशा बजीचा पाय कितीही नीट बांधला तरी उपयोग नाही. त्याचं पोट तपासावं लागतं.