वाळूत जंगलाचा पक्षी

ग्राउज हा आपल्या तित्तराचा आणि रानकोंबडीचा थंड मुलखातला भाऊबंद. त्यातला रफ्ड ग्राउज तर पक्का जंगली. त्याला दाट झुडपं लागतात, पाचोळा लागतो आणि वसंतात नराला मिरवायला एखादा पडलेला ओंडका. त्यावर उभा राहून तो नुसत्या हवेवर पंख मारतो, 8-10 सेकंदांत सुमारे 50 वेळा. आवाज इतका खर्जातला की कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो. असा पक्षी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत दिसला, तर माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेईल.

मग हा जंगली पक्षी वाळूत पोचतो कसा? एक सोपा खुलासा आहे. शरद ऋतूत त्या वर्षीची पिल्लं आईपासून फुटून नवी जागा शोधायला निघतात. या भटकंतीत ती कुठेही पोचतात, घरांच्या काचांवरसुद्धा आदळतात. पण भरकटलेलं पिल्लू वाळूत टिकेल कसं? तिथे लपायला आणि खायला काहीतरी हवं ना!

अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यावर ते आहे, आणि ते बऱ्याच अंशी माणसानेच तिथे आणलं. फ्लॉरेन्सपासून कूस बेपर्यंत सुमारे 65 किलोमीटर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. उडती वाळू रस्त्यांवर आणि घरांवर येऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे युरोपातलं बीचग्रास लावलं गेलं. हे गवत भलतंच चिवट. वाळूत गाडलं गेलं की ते आणखी वर वाढतं आणि पुन्हा वाळू अडवतं. असं होत होत समुद्रालगत वाळूचा एक लांबलचक बांधच उभा राहिला. मागच्या भागाला नवी वाळू मिळेना. होती ती वाऱ्याने उडत गेली, थेट खालच्या ओल्या थरापर्यंत. ओल मिळताच तिथे विलो आला, वॅक्स मर्टल आला, सलालच्या झुडपांची जाळी माजली, मग शोर पाइन आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं. आता नकाशावर त्या जागेला वाळूच्या टेकड्या म्हणतात, पण पायाखाली चक्क पाचोळा असतो. शेजारच्या डोंगरातलं जंगल आणि हे नवं रान आता जागोजागी जुळलं आहे. ग्राउजने फार धाडस केलंय असं मला तरी वाटत नाही.

याची किंमत दुसऱ्याच पक्ष्याने मोजली. स्नोई प्लोव्हर हा छोटा चिखल्या उघड्या वाळूत अंडी घालतो. गवताने ती वाळूच गिळली. इतरही कारणं होतीच, पण 1993 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्याच्या संख्येला कायद्याने संकटग्रस्त ठरवावं लागलं. आता काही ठिकाणी बुलडोझर लावून तेच गवत उपटतात.

तेव्हा तिथे ग्राउज शोधायचा असेल, तर उघड्या वाळूवर दुर्बीण लावून काही हाती लागणार नाही. झुडपांच्या कडेने, ओल धरलेल्या वाटेने सावकाश चालायचं. बहुधा तो आधी दिसणारच नाही. पायाजवळून एकदम फडफडाट करत उठेल आणि आपल्याला दचकवून पाइनमध्ये शिरेल.