छत्तीस वर्षांची पोकळी आणि मार्तोन फुचोविच

२०१८ च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या लाल मातीच्या कोर्टवर हंगेरीच्या मार्तोन फुचोविचने जर्मनीच्या पेटर गोयोव्चिकला ६-२, ६-२ असे हरवले आणि एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतले आपले पहिले विजेतेपद मिळवले. एरवी फ्रेंच ओपनच्या तोंडावर होणाऱ्या या छोट्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याची दखल जाणकारांपुरतीच घेतली जाते. हंगेरीत मात्र या निकालाला वेगळे वजन होते, कारण त्याआधी एका हंगेरियन पुरुषाने एकेरीत एटीपी विजेतेपद मिळवले होते ते १९८२ साली. मधल्या ३६ वर्षांत राजवट बदलली, चलनव्यवहार बदलले, रॅकेटसुद्धा लाकडाची राहिली नाही, पण विजेत्यांच्या यादीत त्या देशाच्या दुसऱ्या पुरुषाचे नाव चढले नाही. फुचोविचच्या कारकिर्दीचे मोल नुसत्या आकड्यांवरून ठरवायचे झाले तर ती मध्यम यशाची वाटेल. ती या पोकळीच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

हंगेरीत टेनिस उपरे नव्हते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही बुडापेस्टच्या क्लबांमधून चांगले खेळाडू घडत होते, आणि मातीच्या कोर्टवर वाढल्यामुळे चिकाटीने चेंडू परतवत राहणे, प्रतिस्पर्ध्याला दमवणे ही त्यांची ओळख बनली होती. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव योझेफ अश्बोत यांचे. १९४७ मध्ये त्यांनी पॅरिसला दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेस यांना सरळ तीन सेटमध्ये, ८-६, ७-५, ६-४ असे नमवून फ्रेंच अजिंक्यपद पटकावले. पुरुष एकेरीत ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारे ते आजही एकमेव हंगेरियन आहेत. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या हिरवळीवर त्यांनी उपांत्य फेरी गाठली आणि तिथे ऑस्ट्रेलियाच्या जॉन ब्रॉमविच यांच्याकडून ते हरले. अश्बोत यांचा जन्म १९१७ चा, म्हणजे खेळाडूच्या उमेदीची वर्षे त्यांनी युद्धात गमावली होती. १९५६ चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडला गेल्यानंतर, १९५७ मध्ये, त्यांनी देश सोडला. त्यानंतर १९५८ साली झुझा क्योर्मोत्सी यांनी वयाच्या ३३ व्या वर्षी फ्रेंच स्पर्धेत महिला एकेरी जिंकली आणि पुढच्या वर्षीही त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

१९६६ च्या फ्रेंच अंतिम सामन्याचा प्रसंग तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पेच शहरातून आलेले इश्तवान गुयाश अंतिम फेरीत पोहोचले होते आणि समोर ऑस्ट्रेलियाचे टोनी रोश होते. रोश यांचा घोटा दुखावलेला होता. सामना ठरल्या दिवशीच झाला असता तर गुयाश यांचे पारडे जड राहिले असते, हे उघड होते. तरीही त्यांनी सामना एक दिवस पुढे ढकलायला संमती दिली. दुसऱ्या दिवशी रोश ६-१, ६-४, ७-५ असे जिंकले. गुयाश यांना या दिलदारीबद्दल पुढे फेअर प्लेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ग्रँड स्लॅम मात्र कधीच मिळाले नाही. त्यांच्यानंतर एकाही हंगेरियन पुरुषाला ग्रँड स्लॅम एकेरीची अंतिम फेरी गाठता आलेली नाही, हे ध्यानात घेतले की त्या एका दिवसाच्या सवलतीची किंमत कळते.

साम्यवादी हंगेरीत क्रीडा हा राज्यसंस्थेच्या प्रतिष्ठेचा विषय होता. पण ती प्रतिष्ठा मोजली जाई ऑलिंपिक पदकांत. फुटबॉल, वॉटरपोलो, तलवारबाजी, जलतरण यांच्यासाठी सरकारी तिजोरी उघडी असे. टेनिस १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर वगळले गेले होते आणि पदकांचा खेळ म्हणून ते परतले थेट १९८८ मध्ये सेऊलला. मधल्या सहा दशकांत पदक न देणाऱ्या या खेळाकडे राज्यकर्त्यांनी दुय्यम नजरेने पाहिले यात नवल नाही. शिवाय टेनिसपटूला वर्षभर पश्चिमेत फिरावे लागते आणि डॉलरमध्ये बक्षिसे घ्यावी लागतात. परदेश प्रवासाची परवानगी हीच जिथे मोठी कृपा होती, त्या व्यवस्थेत ही गोष्ट सहज पचणारी नव्हती.

या चौकटीत राहून बालाझ तारोत्सी यांनी जे केले ते म्हणूनच थक्क करणारे आहे. १९५४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या तारोत्सी यांनी एकेरीत १३ विजेतेपदे मिळवली, आणि त्यांतली सहा एकट्या हिल्व्हर्समच्या डच ओपनमधली, १९७६ मध्ये एक आणि १९७८ ते १९८२ अशी सलग पाच. जागतिक क्रमवारीत ते १२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि फ्रेंच ओपनची उपांत्यपूर्व फेरी त्यांनी १९७६ व १९८१ अशी दोनदा गाठली. दुहेरीत स्वित्झर्लंडच्या हाइन्झ ग्युंटहार्टच्या साथीने त्यांनी १९८१ मध्ये पॅरिस आणि १९८५ मध्ये विम्बल्डन जिंकले. १९८२ च्या हिल्व्हर्समच्या विजेतेपदापासूनच त्या ३६ वर्षांची मोजणी सुरू होते.

तारोत्सी यांच्यानंतर हंगेरियन टेनिस संपले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महिलांमध्ये आंद्रेया तेमेश्वारीने १९८३ मध्ये इटालियन ओपन जिंकली होती, आग्नेश सावाय २००८ मध्ये जगात १३ व्या स्थानी पोहोचली होती, आणि तिमेआ बाबोश तर २०१८ मध्ये दुहेरीत अव्वल क्रमांकावर गेली. पुरुषांत मात्र पहिल्या शंभरात एखादा शिरायचा आणि थोड्याच काळात बाहेर पडायचा. १९८९ नंतर जुनी सरकारी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी प्रायोजकांची नवी व्यवस्था उभी राहायला वेळ लागला. २०११ मध्ये कंपन्यांच्या करातून क्रीडासंघांना पैसा वळवण्याची मोठी योजना आली; तीही फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, वॉटरपोलो आणि आइस हॉकी या सांघिक खेळांसाठी होती. एकट्याने फिरणारा, एकट्याने खर्च करणारा टेनिसपटू तिच्या बाहेरच राहिला.

फुचोविच नेमका याच वळणावर मोठा झाला. ८ फेब्रुवारी १९९२ रोजी ईशान्य हंगेरीतल्या न्यीरेजहाझा या शहरात त्याचा जन्म झाला. २००९ मध्ये तैवानच्या शिए चेंग-पेंगबरोबर त्याने अमेरिकन ओपनची कुमार दुहेरी जिंकली, आणि २०१० मध्ये विम्बल्डनच्या कुमार एकेरीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या बेंजामिन मिचेलला ६-४, ६-४ असे हरवले. कुमारांच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्या वेळी हंगेरीत अपेक्षा उंचावल्या असतील तर तो दोष कुणाचाच नाही.

त्यानंतरची सात वर्षे हा या कारकिर्दीचा सर्वांत कमी सांगितला जाणारा, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. कुमार अजिंक्यपद हाती असले तरी पुरुषांच्या क्रमवारीत खेळाडूला तळापासूनच सुरुवात करावी लागते. त्या काळी सर्वांत खालच्या फ्युचर्स स्पर्धांची एकूण बक्षीसरक्कमच १० किंवा १५ हजार डॉलर असे. ती ३२ एकेरी खेळाडूंत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटली जाई, आणि १० हजारांच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती दीड हजार डॉलरसुद्धा पडत नसत. त्यातून विमानाचे तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा आणि जमल्यास प्रशिक्षकाचा खर्च भागवायचा. श्रीमंत संघटनांच्या देशांत ही वर्षे संघटना निभावून नेतात, शिवाय त्यांच्या देशातल्या मोठ्या स्पर्धांची वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेले थेट प्रवेश, होतकरू मुलांना मिळतात. हंगेरीत २०१७ पर्यंत एटीपीची स्पर्धाच नव्हती, मग वाइल्ड कार्ड येणार कुठून? कुमार वयातले यश पुढच्या वाटचालीची हमी देत नाही, हे आपणही पाहिले आहे. फुचोविचच्याच पिढीतला युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता होता आणि एकेरीतली त्याची वाट दुखापतींनी पुन्हा पुन्हा अडवली.

फुचोविच या काळात फ्युचर्स आणि त्यांच्या वरच्या पायरीवरच्या चॅलेंजर स्पर्धांत अडकून राहिला, क्रमवारीत पुढे-मागे होत राहिला. पुढे अत्तिला शावोल्त हा स्वतः एकेकाळी पहिल्या शंभरात खेळलेला हंगेरियन त्याचा प्रशिक्षक झाला. खेळाला कलाटणी मिळाली ती २०१७ मध्ये. जूनमध्ये त्याने इंग्लंडमधल्या इल्कलीची चॅलेंजर स्पर्धा जिंकली. तिच्या विजेत्याला विम्बल्डनच्या मुख्य फेरीचे वाइल्ड कार्ड मिळत असे, ते त्याला मिळाले. त्याच उन्हाळ्यात, पंचविशी ओलांडल्यावर, तो प्रथमच पहिल्या शंभरात आला. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला झालेल्या डेव्हिस कप या देशांच्या पुरुष संघांच्या स्पर्धेतल्या लढतीत हंगेरीने रशियाला ३-१ असे हरवले, आणि त्या तिन्ही विजयांत फुचोविचचा हात होता: आंद्रे रुब्लेव्ह आणि कारेन खाचानोव्ह यांच्याविरुद्ध एकेरीत, तसेच अत्तिला बालाझच्या साथीने दुहेरीत. या विजयामुळे हंगेरी दोन दशकांहून अधिक काळानंतर त्या स्पर्धेच्या सर्वोच्च पातळीवर, जागतिक गटात, परतली.

२०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने सॅम क्वेरीला हरवत चौथी फेरी गाठली आणि तिथे रॉजर फेडररकडून ६-४, ७-६, ६-२ असा तो पराभूत झाला. फेडररने ती स्पर्धा जिंकून आपले विसावे ग्रँड स्लॅम मिळवले. चार महिन्यांनी जिनिव्हाचा विजय आला. त्या स्पर्धेत सलग दोन वर्षांचा विजेता स्टॅन वावरिंका घरच्या प्रेक्षकांपुढे खेळत होता आणि त्याला फुचोविचने उपांत्यपूर्व फेरीत ६-४, ६-० असे हरवले. दुसऱ्या सेटमधला तो भोपळा पाहता, अंतिम सामन्यातला एकतर्फी निकाल हा योगायोग नव्हता. २०१९ च्या फेब्रुवारीत सोफियाच्या अंतिम सामन्यात तो दानिल मेदवेदेवकडून हरला आणि मार्चमध्ये क्रमवारीत ३१ व्या स्थानी पोहोचला. हे त्याचे आजवरचे सर्वोच्च स्थान.

फुचोविचच्या खेळात एखादा डोळे दिपवणारा फटका नाही. तो बेसलाइनवरून दोन्ही बाजूंनी सपाट आणि जोरकस मारतो, कोर्टभर चपळाईने पळतो, आणि लांबलेल्या सामन्यात त्याची कमावलेली ताकद कामी येते. २०२० च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिल्याच फेरीत त्याने चौथ्या मानांकित मेदवेदेवला चार सेटमध्ये हरवले ते याच बळावर. चौथ्या फेरीत त्याला रुब्लेव्हने रोखले, आणि इथून एक विलक्षण मालिका सुरू झाली. २०२१ मध्ये रॉटरडॅमला पात्रता फेरीतून वर येत फुचोविचने अंतिम फेरी गाठली. समोर रुब्लेव्ह, निकाल पराभव. त्यानंतर काही आठवड्यांतच दुबईत पुन्हा रुब्लेव्ह, पुन्हा पराभव. मायामीतही तेच. एकाच माणसाकडून असे लागोपाठ हरत गेलेला खेळाडू पुढच्या भेटीला मनाने आधीच हरून उतरतो, असा अनुभव आहे.

पुढची भेट विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत झाली. तोवर फुचोविचने यानिक सिनर आणि नवव्या मानांकित दिएगो श्वार्ट्झमनला हरवले होते. रुब्लेव्ह पाचवा मानांकित होता. पहिला सेट फुचोविचने ६-३ घेतला, पुढचे दोन रुब्लेव्हने ६-४, ६-४ असे जिंकले, आणि वर्षभराचा जुना हिशेब पुन्हा मांडला जाणार असे वाटत असताना चौथा सेट फुचोविचने ६-० असा एकही गेम न देता घेतला. पाचवा त्याने ६-३ असा जिंकला. १९४८ मधल्या अश्बोत यांच्यानंतर विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा तो पहिला हंगेरियन पुरुष ठरला, आणि कोणत्याही ग्रँड स्लॅममध्ये तिथवर पोहोचलेला १९८१ मधल्या तारोत्सी यांच्यानंतरचा पहिला. तिथे नोव्हाक जोकोविचने त्याला ६-३, ६-४, ६-४ असे हरवले. जोकोविचचा तो हिरवळीवरचा शंभरावा विजय होता. माझ्या मते फुचोविचच्या कारकिर्दीचे शिखर जिनिव्हाचा करंडक नसून हा पंधरवडा आहे, कारण मातीत वाढलेल्या या परंपरेला हिरवळीवर पुरुष एकेरीत ७३ वर्षे असे काही साधले नव्हते.

यानंतर क्रमवारी घसरली आणि तिशीतल्या खेळाडूच्या वाट्याला येणारी अस्थिरता त्याच्याही वाट्याला आली. तरी एप्रिल २०२४ मध्ये बुखारेस्टच्या मातीवर अर्जेंटिनाच्या मारियानो नावोनेला ६-४, ७-५ असे हरवून त्याने दुसरे विजेतेपद मिळवले. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये तर त्याला पात्रता फेरी खेळावी लागली, तिथे हरूनही ‘लकी लूजर’ म्हणून, म्हणजे दुसऱ्या कुणी माघार घेतल्यामुळे, मुख्य फेरीत जागा मिळाली, आणि दुसऱ्या फेरीत गाएल मोंफिसला पाच सेटमध्ये नमवून तो तिसरीत गेला. त्याच ऑगस्टमध्ये विन्स्टन-सालेमला हार्ड कोर्टवर नेदरलँड्सच्या बोटिक व्हान डे झांडशुल्पला हरवून ३३ व्या वर्षी त्याने तिसरे विजेतेपद घेतले.

तारोत्सी यांच्या १३ विजेतेपदांशी किंवा त्यांच्या १२ व्या क्रमांकाशी त्याची तुलना होत नाही, आणि ती करण्याची गरजही नाही. पण आता हंगेरियन पुरुषांत तो एकटा उरलेला नाही. मे २०२३ मध्ये रोमच्या स्पर्धेत पात्रता फेरीतून आलेल्या, क्रमवारीत १३५ व्या असलेल्या फाबियान मारोझानने कार्लोस अल्काराझला ६-३, ७-६ असे सरळ हरवले, आणि त्यानंतर त्यानेही पहिल्या शंभरात जागा मिळवली. मारोझान तेव्हा २३ वर्षांचा होता. त्या वयात फुचोविच अजून शंभराच्या बाहेर होता.