चलन एक, मंदी मात्र ज्याची त्याची

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या वसाहतींतल्या टपऱ्यांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: युरोपातले देश एकाच माळेचे मणी, एक घसरला की सगळे घसरतात. हे अर्धंच खरं. 2009 मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था 5 टक्क्यांहून जास्त आकसली. युरोपीय संघातलाच पोलंड मात्र वाढला. 2013 मध्ये ग्रीस-स्पेनमध्ये बेकारी 25 टक्क्यांच्या वर, जर्मनीत 5च्या आसपास. आणि तिघांचंही चलन युरोच!

असं का होतं? एकाच गाडीचे सुटे भाग दोन देशांत बनत असतील, तर मागणी घटताच दोन्हीकडचे कारखाने एकदम थंडावतात. पण एक देश यंत्रं विकतो, दुसरा पर्यटकांवर जगतो, तर आपसातला व्यापार वाढूनही दोघांच्या अर्थव्यवस्थांची चाल वेगळी राहू शकते. लांब कशाला, अंबडमध्ये ओव्हरटाइम बंद असतो तेव्हा पिंपळगावचा कांदा तेजीत असू शकतोच की.