तेलंग, काशिनाथ त्र्यंबक
(१८५०–१ सप्टेंबर १८९३). मुंबईचे वकील व न्यायमूर्ती, प्राच्यविद्यापंडित आणि मवाळ राजकारणी. जन्म मुंबईत, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात. शिक्षण एल्फिन्स्टनमध्ये. १८७२ मध्ये उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ. १८८९ मध्ये न्यायमूर्ती.

हिंदू कायद्यात ते इंग्रजी भाषांतरांवर न विसंबता मूळ ग्रंथ पाहत. अप्पाजी नरहर विरुद्ध रामचंद्र (१८९१) या खटल्यात त्यांनी पूर्णपीठातील बहुमताशी मतभेद नोंदविला. बाप आपल्या भावांशी एकत्र असताना, त्याची संमती नसल्यास मुलाला वाटणी मागता येते काय, हा वादाचा मुद्दा होता. बहुमताने नकार दिला. आजोबांच्या मिळकतीत पिता-पुत्रांचे स्वामित्व सारखेच, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मिताक्षरा या त्या स्मृतीवरील टीकेप्रमाणे हा हक्क जन्मतः मिळत असल्याने बापाच्या संमतीची अट लागू होत नाही, असे तेलंगांचे मत. मुंबई इलाख्यात पुढे बहुमताचाच निर्णय चालला. अन्य प्रांतांतील न्यायालयांचा कल मात्र मुलाच्या बाजूचा राहिला. मिताक्षरेच्या शब्दांना तेलंगांचाच अर्थ अधिक जवळचा वाटतो.

रामायणावर होमरची छाया आहे, हे जर्मन प्राच्यविद्यापंडित वेबरचे मत त्यांनी १८७३ मध्ये खोडून काढले. भगवद्‌गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. गीतेचा काळ इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अलीकडे आणता येत नाही, असे ते मानत. आज हा निष्कर्ष सर्वमान्य नाही. मुद्राराक्षस या विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाच्या भरतवाक्यात, म्हणजे राजाचा उल्लेख असलेल्या अखेरच्या आशीर्वादपर श्लोकात, काही हस्तलिखितांत ‘चंद्रगुप्त’, तर काहींत ‘अवंतिवर्मा’ असा पाठ आहे. जर्मन पंडित याकोबींनी अवंतिवर्मा काश्मीरचा मानून नाटक नवव्या शतकात आणले. तेलंगांनी तो मौखरी या त्याआधीच्या, उत्तर भारतातील राजघराण्यातला ठरविला. चंद्रगुप्त हाच पाठ स्वीकारून नाटक गुप्तकाळात नेणारेही विद्वान आहेत. तथापि याकोबींच्या तर्कापेक्षा तेलंगांचा तर्क कमी ओढाताणीचा आहे.

राजकारणात फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे सहकारी. तिघांनी मिळून १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात ते होते. हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

सुधारणा कमीत कमी विरोधाच्या वाटेने न्यावी, सामाजिक सुधारणेसाठी राजकीय सुधारणा अडवून धरू नये, असे प्रतिपादन त्यांनी १८८६ मधील व्याख्यानात केले. स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र त्यांनी घरच्यांच्या आग्रहापुढे नमून लहान वयात लावले, त्यामुळे सुधारकांकडून त्यांच्यावर टीका झाली.