वाइनरी सहल (मुंबई–नाशिक)

सकाळी मुंबईहून निघायचे, नाशिक परिसरातल्या द्राक्षबागा आणि वाइन तयार होण्याची जागा पाहायची, वाइनची चव घ्यायची, बागेच्या कडेला निवांत जेवायचे आणि रात्री घरी परतायचे, अशी ही एका दिवसाची सहल. मुंबईकरांच्या बोलण्यात तिला नुसते ‘वाइनरीला जाणे’ म्हणतात. अंतर एका बाजूने सुमारे १७० किलोमीटर आहे. दिवसभरात दोन वाइनरी आणि एक सावकाश जेवण, एवढेच नीट होते. तिसरी वाइनरी यादीत घातली की दुपारनंतर जिभेला दोन वाइनमधला फरक कळेनासा होतो आणि कसाऱ्याचा घाट अंधारात उतरावा लागतो.

पार्श्वभूमी : नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी आधीपासून प्रसिद्ध होता, पण ती खाण्याची द्राक्षे, मुख्यतः थॉमसन सीडलेस. महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या शॅटो इंडाज या वाइन कंपनीपासून झाली. नाशिकला खरे वळण लागले ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतली नोकरी सोडून ते परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी १९९७च्या सुमारास चेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉं ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी कंपनीचे नाव ‘सुला’ ठेवले. पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. सहलीच्या दृष्टीने मात्र २००५ हे वर्ष जास्त महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सुलाने लोकांसाठी टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याची जागा, उघडली. तोपर्यंत वाइनरी म्हणजे एक कारखाना होता, पाहुण्याने तिथे जाण्याचे कारण नव्हते.

हंगाम : तारीख ठरवताना सुट्टीचे कॅलेंडर पाहण्याआधी बागेचे कॅलेंडर पाहावे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षाला एकदाच छाटला जातो. नाशिकच्या हवेत तो झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यानंतर नुसत्या काड्या वाढवायच्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते, तिच्यानंतर घड लागतात. पीक मात्र एकच, आणि त्याची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीचा पाऊस पाहायला गेलेल्यांना बाग हिरवीगार दिसते, पण वेलावर एकही घड नसतो. हे माहीत नसले की हिरमोड होतो.

फेब्रुवारीतला कामाचा दिवस हा या सहलीचा सर्वांत चांगला दिवस. पहाटे गारवा असताना तोडलेल्या घडांचे क्रेट ट्रॅक्टरने येत असतात, यंत्र देठ वेगळे करत असते आणि अंगणभर रसाचा आंबूस-गोड वास पसरलेला असतो. तिथल्या माणसाच्या परवानगीने एक मणी तोंडात टाकून पाहावा. बाजारातल्या द्राक्षाच्या तुलनेत तो अगदी लहान, साल जाड, आत बिया आणि गोडी इतकी की बोटे चिकट होतात. ही साखरच पुढे मद्यार्क होते, तर लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या जाड सालीतून येतो. हा मणी चावला की मार्गदर्शकाचे अर्धे भाषण आधीच समजलेले असते. बागायतदारासाठी हेच दिवस जिवाला घोर लावणारे असतात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर वर्षभराची मेहनत एका संध्याकाळी जाते. म्हणून ओळींमधून फिरताना घड तोडू नयेत.

कोरडा दिवस आहे का, तेही आधी पाहावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात वाइन मिळत नाही. जोडून आलेली सुट्टी बघून २६ जानेवारीचा बेत आखणारे पुष्कळ असतात.

रस्ता आणि गाडी : मोटारीने ठाणे, भिवंडी वळण, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी हा जुना मार्ग. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे–इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाट बोगद्यातून पार करता येतो. ठाण्याहून भिवंडीकडे जातानाची कोंडी मात्र पहाटे लवकर निघण्यानेच टळते. रेल्वेने जायचे तर मुंबईहून सकाळी सुटणारी तपोवन किंवा शिर्डीची वंदे भारत सोयीची. पंचवटी एक्स्प्रेसची वेळ या कामी उलटी पडते, कारण ती नाशिककरांना सकाळी मुंबईला आणून संध्याकाळी परत नेते. नाशिक रोड स्थानक शहराच्या पूर्वेला आणि गंगापूरच्या वाइनरी पश्चिमेला आहेत, तेव्हा दिवसभरासाठी टॅक्सी ठरवावीच लागते.

ही टॅक्सी खर्चिक वाटली तरी तिच्यावर काटकसर करू नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे आणि टेस्टिंगचे चार-पाच घोट मिळून ती मर्यादा सहज गाठू शकतात. स्वतःची गाडी न्यायची असेल तर न पिणारा चालक घरूनच ठरवून निघावे, तिथे गेल्यावर नाही.

कोणत्या बाजूला जावे : वाइनरी तीन दिशांना विखुरलेल्या आहेत आणि एका दिवसात एकच दिशा धरावी. गंगापूर-सावरगावच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत, समोर धरणाचे पाणी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हीच बाजू. शनिवार-रविवारी सुलाला गर्दी असते, म्हणून तिथे सकाळी जावे आणि यॉर्कसारख्या लहान वाइनरीसाठी दुपार ठेवावी. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या परिसरात ग्रोव्हर झांपा आणि व्हालोने आहेत. मुंबईहून येताना नाशिकच्या आधीच त्यांच्याकडे वळता येते आणि तिथली शांतता डोंबिवली-ठाण्याहून आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांतच जाणवते. फेसाळ वाइनची खास आवड असेल तर दिंडोरीची शांडों. टूर आणि जेवण दोन्हीची जागा आधी फोनवर राखून ठेवावी.

त्र्यंबकेश्वरचे दर्शन याच दिवसात बसवण्याचा मोह अनेक कुटुंबांना होतो. धरणातले पाणी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीचेच आहे, पण रांगेत किती तास जातील याचा नेम नसतो. देवाला वेगळा दिवस द्यावा. २०२७च्या सिंहस्थात पर्वकाळाच्या तारखा तर पूर्ण टाळाव्यात.

चव घेणे : टेस्टिंगमध्ये पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड असा क्रम असतो. पेला दांडीला धरायचा, कारण हाताच्या उबेने थंड वाइन तापते. पेला गोल फिरवून आधी वास घ्यायचा. पुस्तकी वर्णनांनी दबून जाऊ नये, आपल्या स्वयंपाकघरातले वास आपल्याला पुरतात. सोव्हिन्यॉं ब्लाँमध्ये पेरू किंवा ढोबळी मिरची सापडते, शिराज या लाल वाइनमध्ये मिरे. लाल वाइनचा हिरड्यांना लागणारा तुरटपणा कच्च्या केळ्याच्या सालीसारखा असतो. बाजूला ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकून टाकणे ही रीतच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खाणे : नाशिकला आलो आणि मिसळ खाल्ली नाही, असे होत नाही, आणि होऊही नये. फक्त ती सकाळी नऊपर्यंत खावी आणि शेवट दह्याने करावा. तर्रीचा झणका जिभेवर राहिला तर पुढच्या दोन तासांत कोणतीही वाइन नुसती आंबट किंवा जळजळीत लागते. दुपारी जेवताना उलट विचार करावा. तिखटाबरोबर तुरट लाल वाइन घेतली की तिखट आणखी पेटते, किंचित गोडसर चेनिन ब्लाँ त्याला सांभाळून घेते. शिराज मटणाच्या कमी तिखट रश्श्याशी जमते. गरम बटाटेवड्याबरोबर थंडगार फेसाळ वाइन एकदा घेऊन पाहावीच. तळणीचा तेलकटपणा बुडबुडे धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्याइतकाच खमंग लागतो. जेवणाला दोन तास ठेवावेत आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी प्यावे.

परवाना आणि खरेदी : महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. ओळखपत्र जवळ असावे. बाटल्या विकत घेतल्यास पावती जपून ठेवावी आणि खरेदी शेवटच्या वाइनरीतच करावी. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते आणि वाइन शिजल्यासारखी होऊन तिचा ताजेपणा जातो. बाटल्या पायाशी, ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात. मुंबईच्या दमट उकाड्यात घरी त्या शोकेसमध्ये मांडू नयेत. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि पांढरी वाइन वर्षभरात संपवावी.