तिसऱ्या भागाचं दुखणं

यंग अ‍ॅडल्ट डिस्टोपियन मालिकांवरची, म्हणजे किशोरांसाठी लिहिलेल्या, जुलमी राजवटीखालच्या काल्पनिक जगाच्या कादंबरीमालिकांवरची वाचकांची मतं वाचायला घेतली की एक तक्रार हमखास भेटते. पहिला भाग एका बैठकीत संपवला, दुसऱ्यानेही खिळवून ठेवलं, तिसऱ्याने मात्र घात केला. 2010 मध्ये ‘मॉकिंगजे’ (‘द हंगर गेम्स’चा तिसरा भाग) आली तेव्हा हे बोललं गेलं, 2013 मध्ये ‘अलिजंट’ (‘डायव्हर्जंट’चा तिसरा भाग) आली तेव्हा तर फारच कडवटपणे. लेखिका दमल्या, प्रकाशकांनी घाई केली, अशी कारणं सांगितली जातात. त्यात थोडं तथ्य असेलही. पण हे दुखणं त्या दोन पुस्तकांपेक्षा जुनं आहे. (पुढे बऱ्याच कादंबऱ्यांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी इथेच थांबावं.)

येवगेनी झाम्यातिन यांनी ‘वुई’ लिहिली 1920-21 च्या सुमारास. सोव्हिएत राजवटीने ती छापू दिली नाही. 1924 मध्ये ती इंग्रजी अनुवादाच्या रूपाने न्यूयॉर्कमध्ये निघाली. खुद्द सोव्हिएत संघात छापली जायला 1988 साल उजाडलं. तिचा नायक डी-503 याच्या मेंदूवर अखेर शस्त्रक्रिया होते, आणि जिच्यामुळे त्याच्या मनात बंडाचा विचार शिरला तिचा छळ तो शांतपणे बघत बसतो. ऑल्डस हक्सलीच्या 1932 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये जॉन गळफास घेतो. जॉर्ज ऑर्वेलने 1946 मध्ये ‘वुई’चं परीक्षण लिहिलं, आणि तीनच वर्षांनी त्याच्या स्वतःच्या ‘1984’मधला विन्स्टन स्मिथ हुकूमशहा बिग ब्रदरवर प्रेम करू लागला. तिन्हीकडे नायक हरतो. म्हणूनच या कादंबऱ्यांना दुसरा भाग लागला नाही. माणूस मोडला की गोष्ट आटोपली, आणि वाचकाने धसका घेऊन पुस्तक मिटलं की लेखकाचं काम झालं.

मुलांसाठी लिहिताना असं करता येत नाही. निदान लेखक-प्रकाशकांची तशी समजूत आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला ‘प्रतिकार व्यर्थ आहे’ असं सांगून निरोप कसा द्यायचा? त्यामुळे हा प्रकार कुमारवाचकांकडे आला तेव्हा त्याच्या शेवटावर एक नवीच जबाबदारी येऊन पडली. राजवट भयंकर असायला हवी, तिच्यापुढे एकटा माणूस किती दुबळा असतो हे पटायला हवं, आणि तरीही ती कोसळायला हवी.

हे ओझं उचलणाऱ्या पहिल्या मालिकांपैकी एक म्हणजे जॉन ख्रिस्तोफर या टोपणनावाने सॅम्युएल यूड यांनी 1967-68 मध्ये लिहिलेली ट्रायपॉड्सची त्रयी. तीन पायांच्या अजस्र यंत्रांनी पृथ्वीवर ताबा मिळवला आहे, आणि 14 व्या वर्षी प्रत्येकाच्या डोक्यावर धातूची टोपी बसवून त्याची विचारशक्ती बांधली जाते. टोपी बसण्याआधी तीन मुलं पळून जातात. ‘मॉकिंगजे’वर नाराज असलेल्यांनी या त्रयीचा तिसरा भाग जरूर वाचावा. परग्रहवासी मालकांचा पाडाव होतो आणि माणसं मोकळी झाल्या झाल्या आपापल्या देशांची भांडणं उकरून काढतात. विजयाची चव तिथेही कडूच आहे, फक्त त्यावरून कुणी गहजब केल्याचं ऐकिवात नाही.

लोइस लोरी यांनी वेगळी वाट काढली. 1993 च्या ‘द गिव्हर’मध्ये 12 वर्षांचा जोनस लहान बाळाला घेऊन पळतो, बर्फातून घसरत जातो, पुढे दिवे दिसतात, संगीत ऐकू येतं, आणि पुस्तक संपतं. तो पोचला की गारठून मेला? 1994 चं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालेल्या या कादंबरीबद्दल वाचकांनी हा प्रश्न इतकी वर्षं विचारला की पुढच्या पुस्तकांतून लोरींनी तो जगल्याचं सांगून टाकलं. ही जोड-पुस्तकं 2000, 2004 आणि 2012 मध्ये आली. मला विचाराल तर त्यांनी ते सांगायला नको होतं. पण मालिकेचा वाचक उत्तर मागतोच, आणि तो मागणारच.

या सगळ्या कथांमधली एक गोष्ट मात्र मोठ्यांच्या कादंबऱ्यांत नाही: ठरलेल्या वयाचा विधी. ट्रायपॉड्समध्ये 14 व्या वर्षी टोपी, ‘द गिव्हर’मध्ये 12 व्या वर्षी कामाची नेमणूक. स्कॉट वेस्टरफेल्डच्या ‘अग्लीज’मध्ये (2005) 16 व्या वर्षी सुंदर करणारी शस्त्रक्रिया, ‘डायव्हर्जंट’मध्ये त्याच वयात, समाज ज्या गटांत वाटला आहे त्यांतल्या एका गटाची निवड, अ‍ॅली काँडीच्या ‘मॅच्ड’मध्ये 17 व्या वर्षी सरकारने ठरवलेला जोडीदार. विन्स्टन 39 वर्षांचा आहे. त्याला आधीचं जग पुसटसं का होईना, आठवतं. या मुलांना तसं काहीच आठवत नाही. ती राजवटीतच जन्मली, आणि ज्या दिवशी मोठं व्हायचं त्याच दिवशी तिने त्यांना गाठलं. आपल्यावर कसला तरी शिक्का मारून मोकळे होणारे मोठे लोक कुठल्या किशोराला ओळखीचे वाटत नाहीत? पहिल्या भागाची पकड इथून येते. पण हा विधी एकदाच होतो. तो टळला किंवा पार पडला की उरलेल्या भागांना दुसरं इंधन शोधावं लागतं, आणि ते इंधन बहुधा युद्ध असतं.

सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ सप्टेंबर 2008 मध्ये आली तेव्हा मालिकांची भूक तयारच होती. हॅरी पॉटर आदल्या वर्षी संपला होता, ‘ट्वायलाइट’ची कथाही नुकतीच पुरी झाली होती. रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, ती डोक्यात मिसळली, असं कॉलिन्स यांनी सांगितलं आहे. शिवाय अथेन्सची मुलं-मुली मिनोटॉर राक्षसाच्या तोंडी देणारी ग्रीक कथा होतीच. त्यातून पॅनेम हा देश उभा राहिला, जिथे राजवट दरवर्षी मुलामुलींना एका रिंगणात सोडते, एकमेकांना मारायला लावते आणि हे ‘खेळ’ टीव्हीवर दाखवते. टीव्हीसाठी पटकथा लिहिणारा हात बांधणीत दिसतो: त्रयीतल्या प्रत्येक पुस्तकाचे तीन खंड, प्रत्येक खंडात 9 प्रकरणं, एकूण 27.

खरी मेख निवेदनात आहे. नायिका कॅटनिस सगळं स्वतः सांगते, तेही वर्तमानकाळात. रिंगणात ही युक्ती अफलातून चालते, कारण तिला जेवढं दिसतं तेवढंच वाचकाला दिसतं आणि झाडामागे कोण आहे ते दोघांनाही ठाऊक नसतं. युद्ध सुरू झालं की हीच युक्ती अंगावर येते. युद्धाचे निर्णय बंद खोल्यांत होतात आणि 17 वर्षांच्या मुलीला तिथे प्रचाराच्या चित्रफितींपुरतं बोलावलं जातं. म्हणून ‘मॉकिंगजे’त ती पुन्हा पुन्हा इस्पितळात जागी होते आणि काय घडलं ते दुसऱ्यांकडून ऐकते. नायिका निष्क्रिय झाली अशी तक्रार वाचक करतात ती याची. तरीही माझं मत पुस्तकाच्या बाजूने आहे. जुना हुकूमशहा स्नो याच्यासाठी दिलेला बाण ती नव्या राष्ट्राध्यक्षीण होऊ घातलेल्या बंडखोरांच्या पुढारी कॉइनवर सोडते, तेव्हा झाम्यातिनपासूनची परंपरा कुमारसाहित्यात राहूनही शाबूत राहते.

‘अलिजंट’चं तसं नाही. ‘डायव्हर्जंट’ 2011 मध्ये आली तेव्हा व्हेरॉनिका रॉथ अवघ्या 22 वर्षांच्या होत्या. पुढचे दोन भाग दर वर्षी एक या वेगाने आले. निवेदनाची अडचण त्यांनी दुसरा निवेदक आणून सोडवली, पण नायिका ट्रिस आणि तिचा प्रियकर टोबायस यांचे आवाज इतके सारखे की प्रकरणाचं शीर्षक पुन्हा पाहावं लागतं. आणि तिसऱ्याच भागात अचानक दुसरा निवेदक का, याचं उत्तर चाणाक्ष वाचकाला लवकर कळतं: ट्रिस शेवटपर्यंत राहणार नाही. वाचक चिडले ते तिच्या मृत्यूवर. माझ्या मते तो मृत्यू धाडसी आहे. फसलंय ते त्यांच्या शहराच्या कुंपणाबाहेरच्या जगाचं स्पष्टीकरण. गटांचं सगळं राज्य म्हणजे जनुकांचा एक प्रयोग, असं कळल्यावर पहिल्या भागातली ती निवड मागाहून पोकळ होऊन जाते.

चित्रपटांनी या दुखण्यावर मीठ चोळलं. ‘मॉकिंगजे’चे दोन चित्रपट केले गेले, 2014 आणि 2015 मध्ये. ‘अलिजंट’बाबतही तोच बेत होता, पहिला तुकडा 2016 मध्ये आपटला आणि दुसरा निघालाच नाही.

कॉलिन्स पॅनेमकडे परतल्या त्या 2020 मध्ये, आणि त्या पुढे न जाता मागे गेल्या. तरुण स्नोची 10 व्या खेळांच्या वेळची गोष्ट आधी, मग 2025 मध्ये कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच याची, 50 व्या खेळांची. इथे शेवट काय होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. स्नो हुकूमशहा होणार, हेमिच जगणार आणि दारूत बुडणार. राजवट पाडण्याची सक्तीच नाही. त्यामुळे या पुस्तकांना ऑर्वेलसारखं हरण्याची मुभा मिळते, आणि तिसऱ्या भागावरून रुसलेले बरेच वाचक या दोन पुस्तकांवर खूश आहेत.